घट

विल्होळीच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून
आमचा पंप होता.
आता नुसतं छत आहे,
आणि छताखाली मातीचे सात गादीवाफे
ताडपत्री ओढून झोपलेले.

खैरनार मॅडम म्हणतात, झोपलेले नाहीत. जेवतायत.

अठरा वर्षं मी इथे नोझल धरलं.
आता फावडं धरतो.
मंगळवारी नि शुक्रवारी माती वरखाली करायची,
तळच्यांना हवा लागते.
युरिया मुठीनं नाही, तोलून.
पाणी इतकं, की मूठ आवळली तर गोळा व्हावा
आणि बोटांतून थेंब गळू नये.
वरून द्राक्षाचा चोथा, वाइनरीतून आणलेला,
ट्रॅक्टरभर, आंबूस, चिलटांसकट.
पहिला महिना असा वास होता,
जणू एखादा ड्रायव्हर पिऊन
रात्रभर इथंच पडलाय.

कुठून आणले हे जंतू, मी विचारलं.
मला वाटलं पुण्याहून, बर्फाच्या डब्यातून.
आणले नाहीत हो, इथलेच. तुमच्या टाकीखालचे.
पुढ्यात एवढं ताट वाढलेलं,
पण श्वास कोंडलेला, तोंडी लावायला काही नाही.
आपण फक्त तोंडीलावणं देतो.

टाकी उपसली त्या दिवशी
रज्जाक क्रेनवाल्यानं बुडाशी बोट लावलं.
करंगळी जाईल एवढं भोक.
एवढंच? म्हणाला.

एवढंच.
रोज सकाळी सहाला डिपरॉड सोडायचा,
ओला आकडा वाचायचा, वहीत मांडायचा:
विक्री इतकी, शिल्लक इतकी, घट इतकी.
महिन्याला चाळीस लिटर. मग साठ. मग नव्वद.
शेठ वही टेबलावर आपटायचे.
रात्रपाळी गोपीनाथ आहेरची,
आणि त्याच्या दारात नवी स्कूटर.
तेवढं पुरलं.
मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो,
हो, कॅन दिसला होता त्याच्या हातात.
दिसला होताच.
पाण्याचा होता, हे म्हणालो नाही.

चौदा फूट खाली, मुरमाच्या फटींत
ती घट साठून होती.
लिटरन् लिटर. कुणी नेली नव्हती.

दर पंधरवड्याला मॅडमचा आकडा येतो.
मातीच्या किलोमागे चौदा हजार मिलिग्रॅम.
मग नऊ.
मग साडेतीन, आणि मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले.
माझा पेढा खिशातच राहिला.
अजून दोन महिने,
मग दाखवायला काही उरणार नाही.

म्हणून सातव्या वाफ्याच्या पोटातून
एक लोणच्याची बरणी भरली. झाकण गच्च.
मॅडमनी पाहिलं. कशाला, ते विचारलं नाही.
झाकण लावलंत तर राहील तशीच, म्हणाल्या,
वर्षानुवर्षं.
हवा नसली की ते खात नाहीत.

आहेर देवळालीगावात पंक्चर काढतो.
टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून
बुडबुडा कुठून येतो ते बघत होता.
बरणी घेतली, उघडली, डोळे मिटून हुंगली.
दोन नंबरची टाकी, म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी कॅनचं सांगितलं.
ते त्याला माहीत होतं.
मला पाणी दिलं. स्वतः नाही प्यायला.

निघताना झाकण शोधू लागलो.
त्याच्याच मुठीत होतं.
असू दे, म्हणाला,
आणि ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली.

आज छताखाली मॅडमनी पाच कुंड्या मांडल्यात,
आमचीच माती, वर गहू पेरलेला,
नवरात्रात कोनाड्यात असतात तशा.
तिसऱ्या दिवशी चारांत पिवळसर कोंब.
पाचवीत नाही.
पाचवी सातव्या वाफ्याची.
तो अजून वरखाली करायचाय,
मंगळवारी.